पाइन वृक्षांच्या खोडातील कालगणना

एखादे देऊळ, गढी किंवा वाडा केव्हा बांधला गेला, हे ठरविताना शिलालेख, सनद वा दप्तरातील नोंद हाती लागली तर अभ्यासकाचे काम सुकर होते. लेखी पुरावा संपतो तेथे मात्र इतिहासाची खरी अडचण सुरू होते. मातीतून निघालेले खापर, चुलीतील कोळसा, जळून गेलेल्या घराची तुळई यांवर कोणीही सन लिहून ठेवलेला नसतो. असे असले तरी निसर्गात एक नोंद दरवर्षी नियमाने होत असते. ज्या प्रदेशांत झाडांच्या वाढीचा ऋतू आणि विश्रांतीचा ऋतू स्पष्टपणे वेगळे असतात, तेथील वृक्ष आपल्या खोडात वर्षाला एक वलय घालतात. या वलयांच्या आधारे काळ ठरविण्याच्या शास्त्राला वृक्षवलय-कालमापनशास्त्र असे म्हणतात.

विसाव्या शतकात विकसित झालेल्या या शास्त्राला सर्वांत मोलाची सामग्री पुरविली ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उजाड डोंगरमाथ्यावरील ब्रिसलकोन पाइन या वृक्षांनी. हे वृक्ष ठेंगणे, पिळवटलेले आणि अर्धेअधिक वाळलेले असतात. इमारती लाकूड म्हणून त्यांना काहीच किंमत नाही. तथापि त्यांच्याच जिवंत खोडांनी आणि जमिनीवर पडलेल्या निर्जीव ओंडक्यांनी मानवाच्या प्राचीन इतिहासातील अनेक तारखा दुरुस्त केल्या. ही दुरुस्ती कशी घडली, आणि अशी साक्ष देणारा एक वृक्ष रीतसर परवानगीनेच कसा नष्ट झाला, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

वलय कसे तयार होते?

झाडाच्या सालीच्या आतील बाजूस वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला ऊतककर असे नाव आहे. वाढीच्या ऋतूच्या प्रारंभी हा थर मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी तयार करतो. त्यामुळे लाकूड फिकट दिसते. ऋतू संपत आला की पेशी लहान व जाड भिंतींच्या होतात आणि लाकूड गडद दिसू लागते. त्यानंतर वाढ थांबते. पुढील वर्षी पुन्हा फिकट लाकडास प्रारंभ होतो. एक फिकट आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्षवलय होते.

सर्व वलये सारख्या रुंदीची नसतात. पाऊसपाणी चांगले झालेल्या वर्षी वलय रुंद होते. अवर्षणाच्या वर्षी ते अरुंद राहते. महसूल खाते ज्याप्रमाणे गावाच्या पिकाची पैसेवारी दरवर्षी नोंदविते, त्याप्रमाणे वृक्षही त्या त्या वर्षाची स्थिती आपल्या खोडात नोंदवितो, असे म्हणता येईल. मात्र नदीकाठी, बारमाही ओलीत वाढणाऱ्या वृक्षाला चांगले आणि वाईट वर्ष यांत फारसा फरक जाणवत नाही. त्याची वलये जवळजवळ सारखीच असतात. कोरड्या उतारावर, खडकाच्या कपारीत तग धरून राहिलेला वृक्षच प्रत्येक टंचाईची नोंद घेतो. म्हणून या शास्त्राच्या दृष्टीने कष्टात वाढलेला वृक्ष अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरतो.

वलये वाचण्यासाठी वृक्ष तोडावा लागत नाही. पोकळ पात्याचे एक लांब गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीपेक्षा बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढतात. ती घासून गुळगुळीत केली की सूक्ष्मदर्शकाखाली वलये मोजता येतात. झाडाला झालेली लहानशी जखम सूचिपर्णी वृक्षांत बहुधा राळेने भरून येते.

मोजणी नव्हे, जुळणी

वलये केवळ मोजली म्हणजे काम झाले, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः नुसती मोजणी फसवी असते. अतिशय कोरड्या वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूस वलय मुळीच तयार होत नाही. क्वचित एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. यावरील उपाय म्हणजे अनेक वृक्षांच्या वलयांचा क्रम परस्परांशी ताडून पाहणे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एकाच तालुक्यातील दोन गावांत पर्जन्यमापकाच्या वह्या आहेत, असे समजू. पहिल्या वहीत प्रत्येक पानावर सन लिहिलेला आहे. दुसऱ्या वहीची सन लिहिलेली कड वाळवीने खाल्ली आहे; फक्त पावसाचे आकडे शिल्लक आहेत. दुसऱ्या वहीत प्रथम दोन वर्षे अवर्षणाची, नंतर चार चांगली, मग एक अतिवृष्टीचे आणि पुन्हा तीन टंचाईची, असा क्रम दिसतो. नेमका हाच क्रम पहिल्या वहीत आढळला, तर दुसऱ्या वहीतील प्रत्येक पानाचा सन निश्चित होतो. क्रम जितका लांब, तितकी चूक होण्याची शक्यता कमी. शिवाय दुसरी वही पहिलीपेक्षा मागील काळापासून सुरू होत असेल, तर नोंद आपोआप मागे वाढते. वृक्षवलयांची जुळणी याच तत्त्वावर चालते.

खगोलशास्त्रज्ञाने सुरू केलेला अभ्यास

या पद्धतीचा पाया अँड्र्यू एलिकॉट डग्लस (१८६७-१९६२) यांनी घातला. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात व कमी होतात. या चक्राचा पृथ्वीवरील हवामानावर परिणाम होत असेल तर तो वृक्षांच्या वलयांत दिसला पाहिजे, अशी त्यांची कल्पना होती. विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅरिझोना राज्यात त्यांनी पाइन वृक्षांची वलये तपासण्यास प्रारंभ केला. सूर्याच्या चक्राचा त्यांना अपेक्षित असलेला ठाम पुरावा मिळाला नाही. पण दूरदूरच्या वृक्षांत अरुंद वलयांचा एकच क्रम आढळतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

अमेरिकेच्या नैऋत्य भागात मूळ रहिवाशांच्या पुएब्लो संस्कृतीची मोठमोठी दगडी वस्तिस्थाने ओसाड पडलेली आहेत. त्यांच्या छतांतील तुळयांचा परस्परांशी मेळ डग्लस यांनी बसविला. पण हा क्रम जिवंत वृक्षांच्या क्रमाला जोडता येईना. मध्ये दुवा नव्हता. अखेरीस २२ जून १९२९ रोजी अ‍ॅरिझोनातील शो लो या गावी एक जळालेली तुळई सापडली. तिच्यातील वलयांनी दोन्ही क्रम जोडले गेले आणि पुएब्लो बोनितो, मेसा व्हर्दे यांसारख्या स्थळांचे बांधकाम कोणत्या वर्षांत झाले, ते एकदम उलगडले. तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२७६ ते १२९९ या काळात, त्या प्रदेशावर दीर्घ अवर्षण कोसळले होते, हेही वलयांनी दाखविले. मेसा व्हर्देची वस्ती याच सुमारास उठली. अवर्षण हे त्याचे एकमेव कारण नसले, तरी एक महत्त्वाचे कारण होते, असे अभ्यासक मानतात. पुढे १९३७ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात वृक्षवलय संशोधनासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली.

व्हाइट माउंटन्समधील वृक्ष

डग्लस यांचे सहकारी एडमंड शुलमन हे जुन्या अवर्षणांच्या नोंदी मिळविण्यासाठी अधिकाधिक वयाचे वृक्ष शोधीत होते. १९५३ मध्ये ते पूर्व कॅलिफोर्नियातील व्हाइट माउंटन्स या पर्वतराजीत पोहोचले. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, पांढुरक्या डोलोमाइट खडकावर, ब्रिसलकोन पाइनची विरळ झाडी आहे. शंकूच्या प्रत्येक खवल्यावर बारीक काटा असतो, त्यावरून त्याला हे नाव पडले. तेथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे तीनशे मिलिमीटर एवढेच पाणी मिळते. महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण तालुक्यांतही सरासरीने यापेक्षा अधिक पाऊस पडतो. वाढीचा ऋतू अवघ्या काही आठवड्यांचा, वारा प्रखर आणि माती नावापुरती.

अशा ठिकाणी झाडे अल्पायुषी असावीत, असे कोणासही वाटेल. शुलमन यांना नेमके उलटे आढळले. ओलाव्याच्या, आश्रयाच्या जागी वाढलेले ब्रिसलकोन उंच व डौलदार असतात, पण ते लवकर मरतात. अत्यंत प्रतिकूल उतारांवरील वृक्ष मात्र हजारो वर्षे जगतात. याची कारणे त्यांच्या वाढीच्या रीतीत आहेत. वाढ इतकी मंद असते की एका इंचात शंभराहून अधिक वलये सापडू शकतात. त्यामुळे लाकूड घट्ट व राळयुक्त होते. त्यास कीड व बुरशी सहसा लागत नाही. एकदा आलेली सूचिपर्णे तीस-चाळीस वर्षे टिकतात, म्हणून दरवर्षी नव्या पानांवर शक्ती खर्चावी लागत नाही. संकटकाळी खोडाचा बराचसा भाग मरून जातो आणि सालीची एक अरुंद पट्टी तेवढी मूळ व शेंडा यांना जोडून ठेवते. विरळ झाडीमुळे वणवाही एका झाडावरून दुसऱ्यावर सहज पसरत नाही.

१९५७ मध्ये शुलमन यांनी तपासलेल्या एका वृक्षाचे वय साडेचार हजार वर्षांहून अधिक भरले. बायबलमधील दीर्घायुषी पुरुषावरून त्याला ‘मेथुसेला’ हे नाव देण्यात आले. आज त्याचे वय सुमारे ४,८५० वर्षे मानले जाते. म्हणजे इजिप्तमधील गिझाचे पिरॅमिड उभारले गेले, तेव्हा हा वृक्ष उगवलेला होता. जानेवारी १९५८ मध्ये, वयाच्या पन्नाशीपूर्वीच, शुलमन यांचे निधन झाले. सहस्रायुषी वृक्ष जगापुढे आणणारा त्यांचा लेख त्यानंतर प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ही झाडी संरक्षित क्षेत्र म्हणून राखून ठेवण्यात आली.

पडलेल्या ओंडक्यांचे मोल

जिवंत वृक्षाची नोंद त्याच्या जन्मापाशी संपते. तिच्याही मागे जाण्याचे काम वेस्ली फर्ग्युसन यांनी केले. थंड व कोरड्या हवेमुळे या डोंगरावर मेलेले वृक्षही कुजत नाहीत; शतकानुशतके ते उभे राहतात आणि पडल्यावरही ओंडक्यांच्या रूपाने उरतात. असे तुकडे गोळा करून त्यांतील बाहेरील वलये जिवंत वृक्षांच्या आतील वलयांशी जुळविण्यात आली. एका ओंडक्याचा मेळ बसला की त्याच्या आधारे त्याहून जुना ओंडका जोडायचा, अशा रीतीने १९६९ मध्ये फर्ग्युसन यांनी ७,१०४ वर्षांची अखंड कालगणना प्रसिद्ध केली. पुढे ती आठ हजार वर्षांच्याही पलीकडे नेण्यात आली. जळाऊ लाकूड समजून ज्यांकडे कोणी पाहिले नसते, त्या तुकड्यांतून ही साखळी सिद्ध झाली.

कार्बनच्या घड्याळाची दुरुस्ती

या साखळीचा सर्वांत मोठा उपयोग पुरातत्त्वशास्त्राला झाला. १९४९ च्या सुमारास विलार्ड लिबी यांनी कार्बन-१४ पद्धती मांडली. तिच्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सजीव प्राणी व वनस्पती हवेतील किरणोत्सर्गी कार्बन आपल्या शरीरात घेत असतात. मृत्यूनंतर हे ग्रहण थांबते आणि साठलेला कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेले प्रमाण मोजले की मृत्यूचा काळ काढता येतो.

या गणितात एक गृहीत होते : हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखेच राहिले आहे. ते खरे की खोटे, हे पाहण्यासाठी ज्याचे वर्ष स्वतंत्रपणे ठाऊक आहे असे लाकूड हवे होते. ब्रिसलकोनच्या प्रत्येक वलयाचे वर्ष निश्चित असल्याने ही कसोटी शक्य झाली. कॅलिफोर्नियातील ला होया येथे हान्स झ्यूस यांनी या लाकडाचे नमुने तपासले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुरुस्तीचा आलेख सादर केला. इ. स. पू. १००० च्या मागे जावे तसतसे कार्बनचे वय खऱ्या वयापेक्षा कमी भरते, असे दिसून आले. इ. स. पू. ५००० च्या सुमारास ही तफावत आठ-नऊ शतकांची होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आणि सूर्याच्या क्रियाशीलतेत होणारे बदल हे तिचे मुख्य कारण होय.

या दुरुस्तीने युरोपच्या प्राचीन इतिहासाची मांडणी हादरली. पश्चिम युरोपातील प्रचंड शिळांच्या समाध्या व माल्टा बेटावरील मंदिरे ही इजिप्त आणि पश्चिम आशियातून गेलेल्या ज्ञानाची फळे आहेत, असे तोवर मानले जात असे. दुरुस्त तारखांनुसार त्यांपैकी कित्येक बांधकामे पिरॅमिडांपेक्षा जुनी ठरली. शिष्य गुरूपेक्षा आधी जन्मलेला निघाला, तेव्हा गुरुशिष्याचे नातेच सोडून द्यावे लागले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्रू यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला.

महाराष्ट्राच्या इतिहासाशीही या दुरुस्तीचा संबंध आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. अशा स्थळांवरील कोळशाच्या कार्बन तारखाही दुरुस्तीच्या आलेखावरून वाचाव्या लागतात. इ. स. पू. १५०० च्या सुमारास ही दुरुस्ती दोन शतकांहून थोडी अधिक भरते. अशा रीतीने घोडकाठच्या चुलीतील कोळशाचा काळ ठरविण्यास कॅलिफोर्नियातील वृक्ष साहाय्यभूत झाला.

एका शास्त्राचा निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याने पारखून घ्यावा लागतो. आयर्लंड व जर्मनीतील दलदलींतून आणि नदीच्या गाळातून मिळालेल्या ओक वृक्षांवरून वेगळ्या कालगणना तयार झाल्या आणि १९८० च्या दशकात त्यांनी ब्रिसलकोनच्या साक्षीला दुजोरा दिला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय दुरुस्ती-आलेखात वृक्षवलयांची अखंड नोंद सुमारे बारा हजार वर्षे मागे जाते.

गोठलेली वलये आणि सूर्याची वादळे

वलयांत अवर्षणाखेरीज इतर घटनांच्या खुणाही असतात. वाढीच्या ऋतूत अकस्मात कडाक्याची थंडी पडली तर कोवळ्या पेशी चुरगळतात आणि वलयावर कायमचा व्रण राहतो. मोठ्या ज्वालामुखीची धूळ व वायू आकाशात पसरले की असे घडू शकते. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआचा स्फोट झाला. १८८४ च्या वलयात ब्रिसलकोनने त्याची नोंद ठेवली आहे.

जपानमधील संशोधक फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की इ. स. ७७४-७७५ या एका वर्षात कार्बन-१४ चे प्रमाण एकाएकी वाढले होते. सूर्यावरील प्रचंड वादळ हे त्याचे कारण असावे. असाच उद्रेक इ. स. ९९३ च्या सुमारास झाला, आणि इ. स. पू. ५४८० मधील दुसरी एक असाधारण वाढ तर ब्रिसलकोनच्याच वलयांत २०१७ मध्ये नोंदविली गेली. या खुणा जगभरच्या वृक्षांत एकाच वर्षी उमटत असल्याने त्या मैलाच्या दगडाप्रमाणे उपयोगी पडतात. कॅनडातील न्यू फाउंडलंड बेटावर युरोपातील नॉर्स दर्यावर्दींनी वस्ती केली होती. तेथील लाकडाच्या तुकड्यांत ९९३ च्या खुणेनंतर सालीपर्यंत अठ्ठावीस वलये भरली. त्यावरून ती झाडे १०२१ मध्ये तोडली गेली, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले.

एका परवानगीची किंमत

या अभ्यासाच्या इतिहासात एक खेदजनक प्रकरणही आहे. १९६४ मध्ये नेव्हाडा राज्यातील व्हीलर शिखराच्या परिसरात एक तरुण संशोधक जुन्या हिमनद्यांच्या खुणांचा अभ्यास करीत होता. तेथील एका ब्रिसलकोन वृक्षाचे वय त्याला हवे होते. गिरमिटाने पुरेशी कांडी का मिळविली गेली नाही, याबद्दल वेगवेगळे वृत्तान्त आहेत. अमेरिकेच्या वनसेवेने वृक्ष तोडण्यास परवानगी दिली आणि तो तोडण्यात आला. नंतर वलये मोजली तेव्हा ती ४,८६२ भरली. वृक्षाचे खरे वय याहूनही थोडे अधिक असावे. तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही वृक्षापेक्षा तो जुना होता. स्थानिक गिर्यारोहकांनी त्याला ‘प्रोमिथियस’ हे नाव आधीच दिलेले होते.

या प्रकरणात कोणी नियम मोडला नव्हता. अर्ज आला, विचार झाला, संमती मिळाली. त्या परिसरात असे वृक्ष पुष्कळ आहेत, त्यांतील एक गेल्याने बिघडत नाही, अशी समजूत निर्णयामागे होती. तपासणीपूर्वी मोल ठरविले गेले आणि मोल कळले तेव्हा वृक्ष उरला नव्हता. पुढे या वृक्षांच्या संरक्षणाविषयी लोकमत जागृत झाले. तो परिसर १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट आहे. मेथुसेला नेमका कोठे उभा आहे, हे वनसेवा जाहीर करीत नाही. जमिनीवरील वाळलेले लाकूड उचलण्यासही संरक्षित झाडीत मनाई आहे, कारण प्रत्येक तुकडा कालगणनेचा संभाव्य दुवा आहे.

धोका मात्र संपलेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार डेथ व्हॅली परिसरातील टेलिस्कोप शिखरावर व यूटा राज्यात, वाढते तापमान, अवर्षण आणि सालीत शिरणारे भुंगे यांमुळे ब्रिसलकोन वृक्ष मोठ्या संख्येने मेले. हजारो वर्षे टिकून राहिलेली जात बदलत्या हवामानापुढे सुरक्षित आहे, असे गृहीत धरता येत नाही.

भारतातील अभ्यास आणि शाळांसाठी पाठ

उष्ण प्रदेशातील सर्वच वृक्षांत वार्षिक वलये स्पष्ट नसतात. वड, आंबा यांसारख्या झाडांची वये या रीतीने काढणे कठीण जाते. साग मात्र कोरड्या ऋतूत पानगळ करून विश्रांती घेतो, त्यामुळे त्याची वलये ठळक असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा हवामानाशी असलेला संबंध १९८० च्या दशकात अभ्यासला. पुढे केरळमधील सागावरून पाच शतकांहून अधिक काळाची नोंद तयार झाली; मोसमी पावसाच्या तुटीची वर्षे तीत अरुंद वलयांच्या रूपाने दिसतात. हिमालयातील देवदार व जुनिपर यांवरही लखनौ आणि पुणे येथील संस्थांनी काम केले आहे. पर्जन्यमापकाच्या नोंदी फार तर दीड-दोन शतकांच्या असल्याने, त्यापूर्वीच्या दुष्काळांची वारंवारता समजण्यास ही वलये उपयुक्त ठरतात.

शाळेत हा विषय प्रत्यक्ष दाखविता येईल. त्यासाठी कोणतेही झाड तोडू नये. लाकडाच्या वखारीत सागाच्या ओंडक्याचा आडवा छेद पाहावयास मिळतो. छेद घासून ओला केला की वलये उठून दिसतात. झाड कोणत्या वर्षी तोडले, ते विचारून घ्यावे. सालीकडील शेवटच्या वलयापासून आत मोजीत जावे आणि दर दहाव्या वलयावर टाचणी लावावी. अरुंद वलयांची वर्षे विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या पर्जन्याच्या नोंदींशी ताडून पाहावीत. मेळ सर्वत्र बसणार नाही. तो कोठे व का बसला नाही, या चर्चेतूनच शास्त्रीय पद्धतीची ओळख होईल.

पंचायतीच्या हद्दीतील देवराया, जुने वृक्ष, पडक्या वाड्यांतील तुळया व जुनी कागदपत्रे यांबाबतही हाच विवेक उपयोगी आहे. जुन्या इमारतीची डागडुजी करताना निघालेली तुळई सरपणात घालण्यापूर्वी ती कोठली आणि कोणत्या भागातून निघाली, याची नोंद ठेवावी आणि जाणकारांना दाखवावी. तिच्यावर सन लिहिलेला नसला, तरी तो तिच्या आत असू शकतो.